मुलींच्या बाजूचं पाणी

१ सप्टेंबर, सोमवार

हो म्हणून बसले.

दवाखान्यातल्या बेसिनखाली आडवी होते. तोंडात बॅटरी, डोक्यावर नर्सची 'झालं का, झालं का' — आणि शेजारी दोन पाय येऊन थांबले. साधी चप्पल, साडीच्या काठाला खडूची भुकटी. शाळेच्या मोठ्या बाई. गेल्या महिन्यात दोनदा निरोप पाठवला होता, दोन्ही वेळा मी 'नाही' म्हणून कळवलं होतं. म्हणून स्वतः आल्या. मी बाहेर निघेपर्यंत थांबल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

नवा अभ्यासक्रम आलाय. सातवीच्या मुलांना आठवड्यातून दोन दुपारी एक हातकाम शिकवायचं, आणि शिकवणारा माणूस ते काम रोज करणारा हवा. पुस्तक आलं, वेळापत्रक आलं, सूचनांची जाडजूड वही आली. पुस्तकात कार्यशाळेचा मोठा फोटो आहे — लांब टेबलं, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं. शाळेत त्यातलं काही नाही. एक खोलीसुद्धा जास्तीची नाही.

मी विचारलं, मग शिकवायचं कुठे?

म्हणाल्या, "कार्यशाळा नाही. तुम्ही आहात."

असं कुणी तोंडावर म्हटल्यावर काय करणार? नववीतून शाळा सोडलेली बाई मी. तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, त्यांना ठाऊक आहे.

बेसिनचं गळणं मात्र राहिलंच. उद्या परत जायला हवं.

२ सप्टेंबर

अण्णांनी, माझ्या वडिलांनी, पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. तीन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तेव्हापासून त्यांनी पाना धरला नाही, पण नजर तशीच तिखट. फोटोतल्या माणसाने पाईप-पाना उलटा धरलाय म्हणे. बघितलं, तर खरंच उलटा! संध्याकाळपर्यंत दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून तो फोटो दाखवला आणि वर सांगितलं, "माझी पोरगी शिकवायला चाललीय. पुस्तक चुकलंय, ती नीट करेल."

मला शरम वाटली. आणि छातीही फुगली. दोन्ही एकदम.

३ सप्टेंबर, बुधवार

पहिला तास. मधल्या सुट्टीनंतरचा. व्हरांड्यात घेतला, कारण वर्गात बाकं इतकी खेटून की पाईप आडवा धरला तर कुणाच्या तरी डोळ्यात जाईल.

पोरं हसली आधी. 'नळबाई' असं मागून कुणीतरी कुजबुजलं. गावात सगळे तेच म्हणतात, मला त्याचं काही नाही. मीच म्हटलं, हो, नळबाई. आता सांगा, नळ का गळतो? कुणाला सांगता येईना. जुना वॉशर काढून एकेकाच्या तळहातावर ठेवला. एवढासा रबराचा तुकडा! मग कुणी हसलं नाही. पाऊण तास कसा गेला कळलं नाही, मलाही नाही.

पण हजेरीवर छत्तीस नावं. समोर सतरा. सतराही मुलगे.

विज्ञानाच्या सरांना विचारलं — सातवीचा वर्ग त्यांचाच. म्हणाले, नव्या वेळापत्रकात करून बघायचे सगळे विषय दुपारी टाकलेत, आणि मुली मधल्या सुट्टीत घरी जातात त्या येतच नाहीत. सुरुवातीपासून हेच. त्यांनी तसं वर कळवलंही आहे: मुलींना कृतीवर आधारित विषयांत रस नाही.

असेल. मला तरी कुठे त्यांच्या वयात भूमितीत रस होता.

५ सप्टेंबर

कामाचा दिवस. तीन घरं, एक हॉटेल. दमले.

८ सप्टेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते. पण ही वही माझीच आहे.

सकाळी लवकर निघाले, दोन कामं केली आणि थेट शाळेत. दुसरा तास सुरू झाला आणि मला जायची गरज वाटायला लागली. पोरांना पाईपाच्या आट्यांची चित्रं काढायला लावली आणि शिपाईकाकांना विचारलं. शिक्षकांचं स्वच्छतागृह कुलूपबंद, किल्ली मोठ्या बाईंच्या पर्समध्ये, आणि बाई तालुक्याच्या कार्यालयात बैठकीला. मग मुलींच्या बाजूला गेले.

दोन खोल्या. एकीला कडी नाही. नळ फिरवला — कोरडा. नुसता कोरडा नाही, फिरतानासुद्धा कुरकुरला, म्हणजे वर्षानुवर्षं त्यातून थेंब गेलेला नाही. कोपऱ्यात बादली, तळाला हिरवं पाणी. मी तशीच परत आले. तास कसाबसा ओढला आणि दहा मिनिटं आधीच सोडला. घर गाठायचं होतं मला. भरभर चालत फाटकाबाहेर पडले.

फाटकापासून थोड्या अंतरावर एक उंच मुलगी कठड्यावर बसलेली. सातवीतलीच, हजेरीवर नाव आहे, वर्गात कधी दिसली नाही. दप्तर मांडीवर. घरी जाऊन आली होती आणि आत यावं की नाही ते ठरवत असावी. माझी चाल बघून तिला सगळं कळलं.

"ताई, तुम्ही पण?"

एवढंच म्हणाली. मी तशीच पुढे गेले.

बावीस वर्षं मी लोकांच्या न्हाणीघरांत शिरून नळ बघते. कुणाच्याही घरी पाय ठेवला की आधी कान देते, कुठे ठिबकतंय का. आणि ज्या शाळेत शिकवायला गेले तिथे आजपर्यंत मुलींच्या बाजूला डोकावले नव्हते!

रस नाही म्हणे.

९ सप्टेंबर

मोठ्या बाईंना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाटातून फाईल काढून पुढे ठेवली. चार अर्ज. चारही त्यांच्या सहीचे, सगळ्यात जुना सहा वर्षांपूर्वीचा. एकाला उत्तर आलंय: नवीन इमारत प्रस्तावित आहे, जुन्या बांधकामावर काही करता येणार नाही. दरवर्षी सुविधांचा तक्ता भरून जातो. त्यात 'मुलींचे स्वच्छतागृह' पुढे आहे किंवा नाही, एवढंच. बांधलेलं आहे, म्हणून 'आहे'. पाण्याला रकानाच नाही.

मी म्हटलं, माझ्या वर्गाला करू द्या. पुस्तकातला तिसरा धडा जोडणीचाच आहे. सामान माझ्या माळ्यावर पडलंय.

त्यांनी फाईल परत कपाटात ठेवली. मग म्हणाल्या, उद्या सरांसमोर बोलू.

१० सप्टेंबर

सर तयार नव्हते. त्यांचंही चूक नाही. पहिले सहा आठवडे हत्यारांच्या आकृत्या काढायच्या, वह्या भरायच्या, असं सूचनांच्या वहीत लिहिलंय. तपासणीला माणूस येणार तो वह्या बघणार. आणि मुलांना भिंतीला भोकं पाडायला लावली आणि कुणाला लागलं तर? तो जबाब कोण देणार?

मी म्हटलं, मी देईन. ते म्हणाले, तुमचं नाव तर आमच्या हजेरीपटावर पण नाही. खरं होतं. लागलं मला.

मोठ्या बाईंनी सूचनांची वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: काम स्थानिक गरजेनुसार निवडावे. "याहून स्थानिक काय असतं, सर?"

मग अडचण उरली मुलींची. त्या दुपारी येणार नाहीत आणि त्यांच्याशिवाय मी करणार नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. म्हणजे तास सकाळी हवा. सकाळचे तास सगळे सरांचे. त्यांनी वेळापत्रक पुढे ओढून बघितलं. शेवटी म्हणाले, दोन आठवडे घ्या, मी दुपारी शिकवतो. आणि जाताजाता दारात थांबून विचारलं, मुली खरंच त्यासाठी जातात? मी म्हटलं, मी स्वतः गेले परवा.

त्यांचे कान लाल झाले. भला माणूस आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

छत्तीसच्या छत्तीस! सकाळी आठ वाजता.

त्यांना सांगितलं, आज कुणी वही उघडायची नाही. टाकी गच्चीवर आहे, तिथून पाणी निघतं. ते कुठे कुठे जातं ते शोधायचं. पाईपावर हात ठेवत चला. पोरं भिंतीला चिकटून मुंग्यांसारखी निघाली. शिक्षकांच्या बाजूला जातं, मुलग्यांच्या बाजूला जातं, पिण्याच्या नळाला जातं. मुलींच्या बाजूला जाणारा फाटा त्या उंच मुलीला सापडला. ती पावलांनी मोजत चालली होती — तिचं एक पाऊल म्हणजे दोन फूट, हे तिने आधीच पट्टी लावून ठरवलं होतं! मी तेव्हाच तिचं नाव मोजपट्टी ठेवलं. तिला आवडलं.

फाटा सामानाच्या खोलीत शिरत होता. काकांनी कुलूप काढलं. मोडकी बाकं, जुने नकाशे, लोखंडी कपाट. आम्ही सगळ्यांनी मिळून कपाट ओढलं. मागे भिंतीला ओलीचा जुना डाग आणि पाईप मध्येच तोडलेला. तोंडाला बूच. पुढचा पाईप गायब.

म्हणजे कधीतरी गळती झाली, भिंत भिजली, आणि कुणीतरी लाईन बंद करून टाकली. पोरांना सगळं समजावलं. मोजपट्टी कपाटाआडून आत सरकली आणि म्हणाली, बुचावर दोन ठिपके आहेत.

मी आत वाकून बघितलं. तास संपला असं सांगितलं.

१६ सप्टेंबर

कामात लक्ष नाही.

दोन ठिपके. अण्णांची खूण. बसवलेल्या प्रत्येक वस्तूवर पंचने दोन ठोके द्यायचे. 'गळलं तर कुणाला शिव्या घालायच्या ते लोकांना कळायला हवं,' असं म्हणायचे. लहानपणापासून ती खूण मी गावभर बघत आले. हॉटेलात, दवाखान्यात, परक्या घरांत. जिथे दिसली तिथे ताठ मानेने चालले.

१७ सप्टेंबर, बुधवार

आज सांगितलं. चहा देताना, सरळ. शाळेच्या सामानाच्या खोलीतलं बूच तुमचं आहे.

आधी आठवेना त्यांना. मग आठवलं. अकरा वर्षं झाली. भिंतीतून पाणी येत होतं, तेव्हाच्या हेडमास्तरांनी घाईघाईने बोलावलं. त्यांनी सडका तुकडा कापला, बूच मारलं, आणि सांगून आले की दोन दिवसांत नवीन पाईप घेऊन येतो. मग दुसरं मोठं काम लागलं. शाळेकडून पुन्हा बोलावणं आलं नाही आणि तेही गेले नाहीत.

"मला वाटलं, कुणीतरी केलं असेल."

चहा तसाच राहिला. अकरा वर्षं म्हणजे किती मुली, हा हिशेब त्यांनी मनात केला असणार. मी तर कालच केला होता.

१८ सप्टेंबर

सकाळी उठले तर अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत तयार. रिक्षा बोलाव म्हणाले.

शाळेत त्यांना खुर्ची दिली. मोठ्या बाईंना वाटलं, सत्काराला आणलंय! छत्तीस पोरं समोर जमिनीवर. अण्णा उभे राहिले, हात थरथरत होते म्हणून पाठीमागे बांधले.

"ते बूच मी मारलं. दोन दिवसांसाठी मारलं होतं. परत आलो नाही. चूक माझी आहे, शाळेची नाही."

मग मोजपट्टीने हात वर केला. मला वाटलं, आता काय विचारते ही. तिने विचारलं, ते निघेल का? अकरा वर्षं गंजलंय.

अण्णा खाली बसले आणि अर्धा तास तिला आणि बाकीच्यांना सांगत राहिले — रॉकेल सोडायचं, रात्रभर ठेवायचं, मग झटका न देता हळूहळू दाब वाढवायचा, आधी किंचित उलटं फिरवून मग सुलटं. इतकं छान मला कधी शिकवलं नव्हतं. मला तर ओरडून शिकवलं!

माझ्या बापाने बारा वर्षांच्या पोरांसमोर उभं राहून चूक कबूल केली. गावात एवढी मोठी माणसं आहेत, एकाने करून दाखवावं.

२३ सप्टेंबर, मंगळवार

रोज सकाळी काम. जुनी लाईन भिंतीत सडली आहे म्हणून बाहेरून प्लास्टिकचा पाईप नेतोय. मोजपट्टीने सत्तेचाळीस फूट सांगितलं, टेपने मोजलं तर सत्तेचाळीस फूट चार इंच. चार इंचांचं तिला दिवसभर वाईट वाटत होतं.

भोकं मी पाडते, पाईप धरणाऱ्या पट्ट्या पोरं ठोकतात. एकाच्या अंगठ्यावर हातोडी बसली. सर स्वतः धावले, पाण्यात धरला, पट्टी बांधली, आणि मला वाटलं आता काम थांबवतील. तर म्हणाले, हातोडी दांड्याच्या टोकाला धर बाळा, मध्ये नको. बरोबर सांगितलं! कुठे शिकलात विचारलं. म्हणे, आठवडाभर खिडकीतून बघतोय.

एका खोलीला कडी नव्हती, तीही नवीन बसवली. दोन मुलींनी. स्क्रू थोडे तिरके आहेत. राहू देत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आज बूच काढलं. टाकीचा कॉक बंद केला, मोजपट्टीने पाना लावला — सुलटा, पुस्तकातल्यासारखा नाही — आणि दोघी तिच्या मागून दांड्याला लागल्या. पहिल्यांदा काहीच नाही. अण्णा खुर्चीतून 'घाई नको, घाई नको'. मग करकरलं आणि हललं.

नवा वॉल्व बसवला, जोड दिला, काका गच्चीवर गेले आणि कॉक उघडला. आम्ही सगळे मुलींच्या बाजूला. आधी नुसती हवा, फुसफुस. मग लाल पाणी. एकीने नाक मुरडलं. मग पिवळसर. मग स्वच्छ.

टाळ्या वगैरे कुणी वाजवल्या नाहीत. मुलींनी आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला. मोठ्या बाई तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

बूच अण्णांनी मागून घेतलं. घरी येईपर्यंत मुठीत होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

दुपारी बारा वाजता नळ परत कोरडा! शाळेचा निरोप आला, धावत गेले. जोड ठीक. वॉल्व ठीक. टाकी रिकामी. सकाळी एकदाच मोटर लावतात, तेवढं पाणी पूर्वी पुरायचं कारण अर्धी शाळा वापरतच नव्हती. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. बापाची चूक बघितली आणि स्वतः तेच करून बसले — जोड दिला आणि पुढचं पाहिलं नाही.

काकांना विचारलं, सुट्टीच्या आधी पुन्हा मोटर लावाल का? ते म्हणाले, कुणी सांगितलंच नाही आजवर, नाहीतर लावली असती. गच्चीवर पाणी किती आहे ते बघायला रोज दोघी जातील. पाळ्या लावून दिल्या.

१ ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा दुपारचा तास. जुन्या वेळेला, व्हरांड्यातच. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली आणि मी मुद्दाम फाटकाकडे पाठ करून बसले. बघायची हिंमत नव्हती.

पस्तीस. एक तापाने घरी.

९ ऑक्टोबर, गुरुवार

तपासणी झाली. साहेब हातात फाईल घेऊन आले, आधी वह्या मागितल्या. वह्यांत आकृत्या चार, त्याही पाण्याने भिजलेल्या. कार्यशाळा कुठे आहे, विचारलं. मोठ्या बाई त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेल्या. साहेब मुलींच्या बाजूच्या बाहेर अवघडून उभे, आणि मोजपट्टी त्यांना टाकीपासून नळापर्यंत बोटाने सगळी लाईन समजावून सांगतेय — कुठे उतार, कुठे वॉल्व, बिघडलं तर आधी काय बंद करायचं. साहेबांनी विचारलं, हे सगळं कुणी केलं? ती म्हणाली, सातवीने.

मग सर पुढे झाले. मला वाटलं वह्यांबद्दल सारवासारव करतील. ते म्हणाले, "मुलींना रस नाही, असं मी लिहून पाठवलं होतं. ते खोटं होतं. मी विचारलंच नव्हतं." आणि दुपारच्या हजेरीचा कागद साहेबांच्या फाईलवर ठेवला. आधी सतरा, आता पस्तीस-छत्तीस.

साहेबांनी तो कागद वाचला. माझं नाव विचारलं आणि लिहून घेतलं. कार्यशाळेबद्दल पुन्हा काही विचारलं नाही, पण त्यांनी जाताना नळ उघडून हात धुतले — पिण्याच्या बाजूचा, तोही आम्हीच परवा दुरुस्त केलेला! हे त्यांना माहीत नव्हतं. पोरांना माहीत होतं. पोरं एकमेकांकडे बघत होती.

आज मला माझा अभिमान वाटतो. लिहून ठेवते. पुन्हा कधी लिहीन न लिहीन.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर तीन मुली, मागे त्यांच्या आया. ओळखीच्या नाहीत. एक मोजपट्टीची थोरली बहीण — तशीच उंच. तिघींची नावं पटावरून कधीच कमी झालेली. पाणी नाही म्हणून शाळाच सोडलेली, दोन वर्षं घरी. आम्ही दुपारी घरी जाणाऱ्यांचाच विचार करत होतो, या माझ्या डोक्यातही नव्हत्या.

थोरलीने आत न जाता दारातूनच विचारलं, "आता मला कुठल्या वर्गात बसवणार?"

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या. "जिथून उठून गेलीस, तिथे."